कल्हईची ओळ

४ डिसेंबर
नीलेशने परत तेच केलं! माझे फोटो, माझी वाक्यं, जशीच्या तशी त्याच्या वेबसाइटवर. एका फोटोत तर माझ्या हातातल्या बांगड्या दिसतायत! सख्खा भाऊ ना हा? दिवाळीपर्यंत माझ्याच दुकानात भांड्यांवर नावं कोरत बसायचा. मग कर्जत सोडून खोपोलीत स्वतःचं दुकान टाकलं आणि माझे रिसॉर्टवालेही पळवले. थांब म्हणावं, दाखवते.

६ डिसेंबर
ओमकार म्हणून एक जण सॉफ्टवेअर विकायला आला होता. सगळ्या मालाची माहिती एका जागी ठेवायची, तिथे बदललं की सगळीकडे बदलतं. "एकच गोष्ट किती ठिकाणी लिहिता, ताई?" व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी, वेबसाइट, भांड्याला बांधायची चिठ्ठी, रिसॉर्टचं कोटेशन... एकाच पातेल्याची वजनंही जुळेनात! पण दुकान केवढं आमचं! मी यादीत लिहायचं, दुकानातल्या संतोषने सगळीकडे उतरवायचं. इतकी वर्षं तेच चाललंय. विचार करून सांगते म्हटलं. डोकं दुसरीकडेच होतं.

७ डिसेंबर
सुचलं! यादीत पितळी पातेल्याखाली एक ओळ टाकली — "आतून कायमचा लेप. कल्हई लागत नाही, आंबटही चालतं." लेप कसला डोंबलाचा! नुसतं पितळ आहे ते. नीलेश वाचतो कुठे, नुसता उचलतो. त्याच्या गिऱ्हाइकांची कढी कळकू दे एकदा. मग कर म्हणावं धंदा!

८ डिसेंबर
उचलली! अगदी स्वल्पविरामासकट. मी माझ्या यादीतली लगेच पुसली.

१४ डिसेंबर
भिसेगावला गौराआत्याच्या नातवाचं बारसं. नीलेश असणार म्हणून मी गेलेच नाही. दुपारी आत्याचा फोन. कढी कळकली! पहिल्या पंगतीला ओकाऱ्या. "आचाऱ्याच्या अंगावर धावले गं सगळे! नीलेश मधी पडला. बोलला, त्याचा काय दोष नाय, पातेलं माझ्या दुकानातलं हाय."

अख्ख्या भावकीसमोर! त्याच्याच तोंडून! देवापुढे साखर ठेवली. माणसं आता बरी आहेत म्हणे. मग झालं तर.

१५ डिसेंबर
ओमकारचा फोन. म्हटलं, नको हो, आमचं झकास चाललंय.

१६ डिसेंबर
संतोषने सहज विचारलं, "ताई, ती लेपाची ओळ यादीतून काढली का वो? वेबसाइटवर हाय, चिठ्ठ्यांवर पन हाय. तुमीच बोलता ना, यादीत आलं की सगळीकडं टाक."

टाक म्हणून सांगितलं होतं. काढ म्हणून कधीच नाही. किती पातेली गेली, कुणाला गेली? संतोषला धड आठवेना, आणि मला त्याच्यावर ओरडता येईना. ओमकारला मीच फोन लावला. उद्याच ये म्हटलं.

१७ डिसेंबर
ओमकारच्या आधी दारात नवनाथ आचारी. बारशाचा. हातात ते पातेलं. बुडाला माझ्या दुकानाचं नाव — नीलेशच्या हातचं.

"मी बोलनारच होतो ताई, कर्जतवरनं आणलंय म्हनून. नीलेशभाऊंनी पातेलं उलटं करून बघितलं. माझा हात दाबला. मंग बोलले — माझं हाय."