रेषेबाहेरून मागितलेला पास

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि दाजींनी साखर सोडली की फक्त तुझ्यासमोर सोडली, ते कळव. मी बरा आहे, म्हणजे जेवतो. झोपेचं विचारू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे पत्र क्लबच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. रविवारी शेवटचा सामना आहे. बरोबरी साधली तरी आपला क्लब वरच्या गटात टिकतो. हरलो तर क्लब खाली आणि मी घरी.

पेपरातून तुला कळलंच असेल, पण त्यांनी अर्धंच छापलंय (ते बरंच झालं). मी खेळायचो तेव्हा लोक म्हणायचे, याला डोक्यामागे डोळे आहेत. डोळे कसले, कान होते. मागून येणाऱ्याच्या बुटांच्या आवाजावरून मला कळायचं, हा डावीकडून घुसणार की पाय घालणार. माझे पाय पळणारे कधीच नव्हते, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक. धपाटा घालायला तू मला दर वेळी गाठायचीस. त्या कानांच्या जोरावर मी मधली फळी सांभाळली, चषक उचलले, घर बांधलं, क्लबच्या ऑफिसात माझा फोटो लागला. प्रशिक्षक झाल्यापासून मात्र तेच कान जिवावर उठलेत. रेषेपाशी उभं राहिलं की मागच्या गॅलरीतलं सगळं ऐकू येतं. परवा एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, "हा खेळायचा तेव्हा देव होता, आता नुसता उभा असतो." शेजारी म्हणाला, "देव तरी वेगळं काय करतो?" (मला हसू आलं, आणि नेमकं तेच टीव्हीवर दाखवलं. आपण तेव्हा एका गोलने मागे होतो.)

आता मुख्य घोटाळा. मागच्या सामन्यात बरोबरी चालली होती, शेवटची काही मिनिटं उरलेली. तुझा चिरंजीव माझ्याच जुन्या जागेवर, चेंडू त्याच्या पायाशी, दोघं त्याच्या अंगावर आलेले. मी रेषेबाहेर, कोट घालून. पण आपल्या आजूबाजूला एवढी मोकळी जागा दिसल्यावर हाडात मुरलेली खोड कुठे जाते? माझ्या तोंडून निघून गेलं, "दे." बाकीचे दहाजण माझं काहीएक ऐकत नाहीत. गोलरक्षकाला (त्याला सगळे खांब म्हणतात, आणि तो ते नाव राखून आहे) पुढे ये म्हटलं की तो मागे जातो. तुझ्या मुलाला मात्र तुमच्या अंगणात मीच शिकवलंय, मामाने 'दे' म्हटलं की वर न बघता द्यायचा. त्याने दिला. वर न बघता, सुरेख, बरोबर माझ्या उजव्या पायात. मी तो अडवलासुद्धा (पहिला स्पर्श अजून उत्तम आहे, हे कोणी छापलं नाही). चेंडू रेषेबाहेर गेला म्हणून थ्रो-इन त्यांना मिळाला, त्यातून गोल झाला. खांब होता तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. माझ्याच फोटोखाली बसून मला म्हणाले, "रविवारी भाच्याला बसवा, नाहीतर तुम्ही बसा." मी म्हटलं, चूक माझ्या तोंडाची आणि शिक्षा त्याच्या पायांना का? म्हणाले, "तोंडाला बदली खेळाडू मिळत नाही, साहेब." शनिवारी संध्याकाळी संघ जाहीर करायचाय. काल सरावात मी तोंड बंद ठेवायचे सगळे उपाय करून पाहिले. चिंगम चघळलं, ते ऐन वेळी गिळलं. टॉवेल दातात धरला, तर क्लबचे डॉक्टर फीट आली समजून धावत आले आणि मला आडवं केलं. (खेळाडूंनी सराव थांबवला नाही, हेही मी लक्षात ठेवलंय.) सहप्रशिक्षकाला सांगितलं, माझ्या तोंडावर हात धर. तो म्हणाला, "माझ्या पगारात हे बसत नाही."

तुझ्या मुलाला बसवलं तर मधे चेंडू धरणारं कोणी नाही, आपण हरतो. खेळवलं आणि माझं तोंड सुटलं, तरी हरतो. शिवाय तो त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. बसमध्ये माझ्या शेजारची सीट सोडून मागे खांबाजवळ जाऊन बसतो. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पेपरवाल्यांना मात्र सांगून आला, "चूक माझी, पाय घसरला."

काळजी करू नकोस. तो खेळणार, आणि हरलो तर मी आपणहून घरी बसेन, असं मी अध्यक्षांना आजच कळवून टाकलंय. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी ये आणि माझ्या बाकाच्या मागच्या रांगेत बस. जागा धरून ठेवलीय. ज्याच्यासमोर मी तोंड मिटून बसतो असं जगात एकच माणूस आहे. माझा जबडा हलताना दिसला की तू नुसतं खाकर.

आणखी ता. क. मघाशी खेळाडूंच्या खोलीवरून जात होतो, तेव्हा तो तुझ्याशीच फोनवर बोलत होता. (मी थांबलो नाही, जरा सावकाश चाललो.) "आई, रविवारी मामा मैदानात नको. काहीतरी निमित्त काढून त्याला तुझ्याकडे बोलावून घे." तू काय म्हणालीस ते कळायला मार्ग नव्हता, तेव्हा आता ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दे. त्याचंच बरोबर वाटत असेल तर मी मुकाट्याने तुझ्याकडे येतो. मात्र टीव्ही बंद ठेव. तुझ्या घरातून 'दे' म्हणालो तरी त्याला ऐकू जाईल, आणि तो देईल.