घुबडछाप की होडीछाप

९ नोव्हेंबर

रंगारीणबाई,

नमस्कार. पत्र पोचलं. भिंतीवरची जुनी लंबकाची घड्याळं पुढे जायला लागलीत, म्हणजे थंडी आली. ताईचा गुडघा सोडला तर इकडे सगळ्यांचं बरं आहे. सगळे म्हणजे ती आणि मी.

तुम्ही गेल्यापासून माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे मी रिकामा बसलो नव्हतो हे कळेल. काटे बसवायचं छोटं दाबयंत्र, पितळी. टोकाला जुन्या कंगव्याचा दात घासून लावलाय, त्यामुळे डायलवर ओरखडा येत नाही. एका होडीछाप घड्याळाच्या बॅलन्स-चाकाचा दांडा, केसाहून थोडाच जाड. पाचव्या खेपेला जमला. बिघडलेले चार डबीत ठेवलेत, फेकवत नाहीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठी, पेरूच्या लाकडाच्या. ताईच्या काठीचं टोक. दुकानाच्या पाटीची नवी अक्षरं. ताई त्यांना ‘बरी’ म्हणाली, आणि ती कशालाही बरं म्हणत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आणि एक टेबल. टेबलाचं नंतर.

आता तुमचा प्रश्न. तुमचे घुबडछापवाले आणखी पाच वर्षांचा करार करा म्हणतात. होडीछापवाले त्यांच्या नव्या कारखान्यात डायल-विभागाची प्रमुख म्हणून बोलावतात, आणि तो कारखाना निघतोय आपल्याच गावात, पुलापलीकडे. तुम्ही लिहिलंत, ‘दोघांत मजबूत कोण, तेवढंच सांगा. या वयात बुडत्या कंपनीत पाय ठेवायचा नाही. घड्याळाच्या बाबतीत खोटं न बोलणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.’

हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहायला नको होतं. मला जरा मोकळीक मिळाली असती.

ताईने पाकिटावरचं अक्षर ओळखलं.

“काय म्हणते तुझी रंगारीण?”

“माझी कुठली? घड्याळांबद्दल विचारतायत.”

“तिनं वर्षातून एकदा पत्र लिहायचं, आणि तेही घड्याळांबद्दल?”

“मग कशाबद्दल लिहायचं?”

“कशाबद्दल नाही. तुम्ही दोघं एकमेकांना किल्ल्या देत बसा,” म्हणाली, आणि काठी आपटत आत गेली. टोक मी केलेलं आहे, आवाज अजिबात येत नाही, त्यामुळे तिचा राग थोडा वाया गेला.

असो. जाहिराती बाजूला ठेवा. दोन्हीकडे देखणी माणसं मनगट गालाला लावून उभी असतात, जणू दाढ दुखतेय. मी झाकण उघडल्यावर जे दिसतं ते सांगतो.

होडीछाप उघडलं की पहिल्यांदा हात थांबतो. इतकं सुंदर मशीन दुसऱ्या कोणाचं नाही. प्रत्येक पट्टीची कड तिरपी घासून आरशासारखी केलेली, डायलखाली, जिथे घेणाऱ्याची नजर जन्मात जाणार नाही तिथेसुद्धा. ज्याने ती कड घासली तो माणूस मला ओळखीचा वाटतो. त्याच्यासमोर चहा ठेवावासा वाटतो. पण दर दोन-तीन वर्षांनी त्यांचं मशीन नवं, स्क्रू नवे, मापं नवी. वर लिहिलेला बॅलन्सचा दांडा मला करावा लागला, कारण घड्याळ जुनं झालंय, आता भाग मिळणार नाही, असं कंपनीचंच उत्तर होतं. ते घड्याळ एका बापाने मुलाला दिलेलं होतं आणि मुलगा अजून शिकतोय. एवढ्यात जुनं कसं झालं? शिवाय कंपनी तीनदा विकली गेली. नव्या मालकाला आपलं नाव चेहऱ्यावर हवं असतं, म्हणून चेहरा बदलतो. आणि दुकानातल्या काचेच्या कपाटात ती घड्याळं सवलतीच्या चिठ्ठ्या लावून बसलेली असतात. सुंदर माणसाने स्वतःचं कौतुक स्वतःच सांगत फिरावं, तसं वाटतं.

घुबडछाप उघडलं की काही वाटत नाही. साधं मशीन. कडा साफ, पण चमक नाही. मला पहिली काही वर्षं राग यायचा, एवढे पैसे घेता आणि आत काहीच नटणं नाही! मग एकदा एका जुन्या घुबडाचा स्क्रू हरवला. टेबलाखाली, गालिच्यावर, ताईच्या पायपुसण्यात, कुठे नाही. दुसऱ्या घुबडातला, वीस-एक वर्षं नंतरचा, लावून पाहिला. बसला. नुसता बसला नाही, शेवटच्या आट्याला तसाच घट्ट झाला. त्या दिवशी मला ती कंपनी कळली. त्यांचा चेहरा बदलत नाही, कारण त्यांना काल केलेल्या वस्तूची लाज वाटत नाही. आजोबांचं घड्याळ आणि नातवाचं घड्याळ शेजारी ठेवलं तर दोघं एका घरातले दिसतात. भाग आहेत, पण मला देत नाहीत, फक्त स्वतःच्या केंद्रांना देतात. त्याबद्दल माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि राहील. पण मला कोण आवडतं, ते तुम्ही विचारलेलं नाही.

आणि एक. होडीचं घड्याळ उद्या जाऊन आणता येतं. घुबडाचं मागायला गेलात तर नाव लिहून घेतात आणि रिकाम्या हाताने घरी पाठवतात. लोक दोन वर्षं थांबतात. मी आधी याला नखरे म्हणायचो. आता म्हणत नाही. ज्याची कोणी इतकी वाट पाहतं त्याची किंमत पाहणाऱ्याच्या मनात रोज थोडी वाढतच जाते, कंपनीने काही न करता. हे मला अलीकडे नीट समजलंय.

१० नोव्हेंबर

काल इथे थांबलो. ताईने जेवायला हाक मारली असं लिहिणार होतो, पण ती तर झोपली होती.

गेल्या महिन्यातली एक गोष्ट लिहावी की नाही, यावर थांबलो होतो. लिहितो. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आठवतात ना, ज्यांना तुम्ही ‘आ करा’ म्हणायचात? त्यांनी नाव लिहून, थांबून, गेल्या वर्षी घुबडछाप घेतलं. घड्याळाची चावी उघडी राहिली आणि ते हातात तसंच ठेवून त्या भांडी घासायला बसल्या. काचेत धुकं. कंपनीचं केंद्र म्हणालं, चार महिने लागतील. घड्याळ माझ्याकडे आलं.

पाणी मशीनपर्यंत गेलं होतं, म्हणून डायल उचलावी लागली. निळी डायल, तुमच्या विभागाची. आकड्यांच्या टोकांवरून मला शंका आली होतीच. पाचाचं पोट तुम्ही नेहमी जरा जास्त खातंपितं करता. उलटी केली आणि भिंग लावलं.

मागे तुमची खूण होती. उलटा स्वल्पविराम, मोहरीहून लहान. पहिल्याच पत्रात तुम्ही चिडून लिहिलं होतंत, इथे खूण करायला सक्त मनाई आहे, कंपनीच्या वस्तूवर कोणाचा हात दिसता कामा नये. तरी केलीत. मला हसू आलं. इथे असताना एखादी जुनी डायल रंगवून झाली की तुम्ही मागे तो स्वल्पविराम काढायचात आणि मी झाकणाच्या आत माझी तीन टिंबं ओरखडायचो, पुढे कधी कोणी उघडलं तर हे कुणाच्या हातांतून गेलं ते त्याला कळावं म्हणून. तुम्ही म्हणायचात, “घड्याळजी, तुमची टिंबं म्हणजे चुलीचे दगड. वर काही शिजत मात्र नाही.”

मग भिंग जरा सरकवलं. स्वल्पविरामाच्या शेजारी तीन टिंबं होती.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं मीच केली असतील, सवयीने. चिमटा हातात होता, टोकाकडे पाहिलंसुद्धा. पण ती निळ्या रंगाची होती आणि वाळून वर्ष झालं होतं. आणि ते घड्याळ त्याआधी मी कधी पाहिलेलं नव्हतं.

किती डायलींमागे आहेत, हे मी विचारत नाही. का आहेत, तेही विचारत नाही. तुमच्या कंपनीत कळलं तर करार सोडाच, त्याच दिवशी सामान बांधावं लागेल. डायल वाळवली, बसवली. नियम असा की मागची बाजू पुसून, स्वच्छ करूनच बसवायची. तुम्हाला माहीत आहे, मी नियम मोडत नाही. ती बाजू मी पुसली नाही. ते घड्याळ चार दिवसांत झालं होतं. डॉक्टरीणबाईंना दोन आठवड्यांनी दिलं. त्या रोज काचेतून खुणेने विचारायच्या, मी खुणेने ‘अजून नाही’ म्हणायचो.

तुम्ही गेलात त्या दिवशी स्टेशनवर तुम्ही विचारलं होतंत, “काही म्हणायचंय का?” मी म्हणालो होतो, पर्सच्या कडीत चुंबक आहे, घड्याळ दुसऱ्या हाताला बांधा. सल्ला बरोबर होता. आजही तोच देईन.

तर उत्तर. मजबूत घुबडछाप. होडीपेक्षा कितीतरी. होडीछाप आणखी एकदा विकली जाईल असं माझं मत आहे, आणि नव्या मालकाला हाताने रंगवलेल्या डायली परवडणार नाहीत. पुलापलीकडच्या कारखान्याचे खांब मी रोज पाहतो. इमारत देखणी होणार आहे. ती किती वर्षं त्यांची राहील, सांगता येत नाही. तुम्ही जे विचारलंत त्याचं हे उत्तर आहे, आणि ते लिहायला मला दोन दिवस लागले.

टेबलाचं राहिलं. उत्तरेच्या खिडकीखाली, जिथे तुमचं डुगडुगणारं टेबल होतं आणि एका पायाखाली तुम्ही रंगाच्या डबीचं झाकण घालायचात, तिथे नवं केलंय. सागवानी, चारही पाय जमिनीला. तुम्ही डावखुऱ्या, म्हणून कोपर टेकायची फळी डावीकडे, तिला चामडं. उंची तुमच्या जुन्या एप्रनच्या बाहीवरून काढली. एप्रन अजून खुंटीवर आहे. दिव्याचा हात खालपर्यंत वाकतो. ताईने पाहिलं आणि म्हणाली, “यावर बसायला आता माणूस पण लाकडाचाच कर.” मी म्हटलं, गिऱ्हाइकांचं सामान ठेवायला आहे. त्यावर अजून कुणाचं काही ठेवलेलं नाही.

या टेबलावर ना घुबड आहे ना होडी. मजबूत कोण या हिशेबात ते येत नाही. इथे महिन्याला किती जुन्या डायली येतात तुम्हाला ठाऊक आहे. त्यात एका माणसाचं भागतं, दोघांचं ओढून-ताणून. मी सध्या त्या परत पाठवतो. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत असं मी ठरवलंय. लाकूड आणि मापं एवढंच माझ्या हातचं होतं. ते मी केलं.

करारावर सही करायच्या आधी दोन दिवस जाऊ द्या. नवीन तेल घातल्यावर घड्याळाची वेळ लगेच मिळवायची नसते.

ताईचा आशीर्वाद. तिने सांगितलंय म्हणून लिहितो, नाहीतर तिचं वेगळं पत्र येईल, आणि त्यात घड्याळांचा विषय नसेल.

तुमचा,
घड्याळजी

ता. क. हे लिहायचं नव्हतं. पण होडीछापचा माणूस पुढच्या आठवड्यात तुम्हाला भेटायला येतोय, त्याच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तो मंगळवारी दुकानात आला होता. माणूस वाईट नाही. घड्याळातलं कळतं त्याला, टेबलाकडे पाहून काही बोलला नाही हेही त्याचं शहाणपण. तुम्ही मला विचारणार हे त्याला कुठून तरी समजलं होतं. म्हणाला, “त्या तुमचंच ऐकतील. होडीछाप मजबूत आहे एवढं एक पत्र लिहा. त्या इथे येतील, पुलापलीकडे, रोज. तुमचंही वाईट होणार नाही.” आणि पाकीट ठेवलं. मी ते उघडलं, कारण उघडून पाहिल्याशिवाय मी कशावरच मत देत नाही. मग परत दिलं. बारा लाख होते. बारा लाख परत देताना माझा हात स्थिर होता. त्याच्या ‘रोज’ या शब्दाला नाही म्हणताना नव्हता.