डोंगरावरची फॅमिली खोली

मंगळवार, शेवगाव

आज फार थकलोय. हिमाचलातल्या आमच्या स्की रिसॉर्टवर नवा रोपवे झाला, हॉटेल वाढलं, आणि यंदापासून कामगारांनाही फॅमिली खोल्या मिळणार. इतके हिवाळे तिथे एकट्याने राहूनच स्कीवाल्यांना उतारावर नेणारी लिफ्ट चालवली. संध्याकाळी बायकोला, सुमनला सांगितलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "मी आले तर आईंना कोन बघंल?"

बरोबरच आहे तिचं. मग मी एवढा का चिडलो?

गुडघ्यांनी घरात बसवलेली आई आतून म्हणाली, "मला बी ने की. बर्फ बघायचाय मला."

तिला त्या थंडीत नेणं वेडेपणाच. तरी मॅनेजरला फोन केला आणि तळमजल्याची खोली मागितली.