पाचूबंदर नाक्यावरील वार्ताफलक काढून नेण्याबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
प्रभाग समिती कार्यालय, वसई.

विषय : पाचूबंदर नाक्यावरील बातम्यांचा फळा तातडीने काढून नेणेबाबत.
संदर्भ : तत्कालीन नगरपरिषदेने माझ्या नावे दिलेली परवानगी, सन १९९८.

महोदय,

मी, सेबेस्टियन मनवेल मेहेर, वय ६८, विनंतीपूर्वक कळवतो की, सदर फळ्यावर मी सत्तावीस वर्षे रोज सकाळी पेपरातील बातम्या व गावातील मयताची खबर खडूने लिहीत आलो. स्वतःच्या मनाचे अक्षर कधी लिहिले नव्हते.

२. या पावसानंतर एका वृत्तवाहिनीने तीन वेळा आमच्यावर चक्रीवादळ आणले. तिन्ही वेळा होड्या वर ओढल्या, तिन्ही वेळा झाडाचे पान हलले नाही. एकदा दाखवलेली लाट तर आमच्या दर्याची नव्हतीच. लोक टीव्हीला हसू लागले व विचारू लागले, फळ्यावर काय आहे? चौथ्या वेळी पेपरातही वादळ आले. माझे डोके फिरले. ती बातमी मी उतरवली नाही. मोठ्या अक्षरांत लिहिले, "वादळाची बातमी खोटी. घाबरू नये."

३. ते वाचून होड्या निघाल्या. वारा फिरताच बाकीचे परतले, माझा भाचा रायन परतला नाही. आज एकेचाळीस दिवस झाले. होडी अर्नाळ्याला लागली, तो सापडला नाही. महोदय, यात चूक वाहिनीची किती व माझी किती, याची मी रोज वाटणी करतो. वाक्य माझे होते, हे काही केल्या पुसले जात नाही.

४. गावाने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते. उलट लोक म्हणतात, सेबेस्टियन एकदा चुकला, टीव्हीवाले रोज चुकतात. रायनची आई रोझलीन, माझी सख्खी बहीण, म्हणते की त्याचे नाव मयतात लिही, म्हणजे फादरांना त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगता येईल. त्याची बायको प्रिसिला म्हणते, सापडला असे लिहा. माझा हात दोन्हीकडे उठेना. म्हणून एकोणीस दिवस मी फळा कोरा ठेवला.

५. तर लोक कोरा फळाही वाचू लागले. काही लिहिले नाही म्हणजे दर्या बरा, असे समजून परवा सरकारी इशारा असताना सहा होड्या सुटल्या. मी बंदरावर धावत जाऊन, घसा फोडून त्यांना वळवले. काल मी स्वतःच पाना घेऊन फळा उतरवायला गेलो. प्रिसिला आडवी उभी राहिली. म्हणाली, "मामा, तुमी त्याचं नाव लिवलं नाय, म्हंजे तो हाय." मी पाना खिशात घालून घरी आलो.

६. तरी आपले कामगार पाठवून फळा न्यावा, ही हात जोडून विनंती. प्रिसिला रोज सकाळी येऊन फळ्यासमोर उभी राहते. माझ्याने आता ते बघवत नाही. एखाद्या दिवशी मी 'रायन सापडला' असे लिहीन, आणि सगळे गाव खरे मानून बंदरावर जाऊन उभे राहील.

आपला नम्र, व गावाचा अपराधी,
सेबेस्टियन मनवेल मेहेर
पाचूबंदर, वसई
दि. २ डिसेंबर २०२५

सोबत : परवानगीपत्राची झेरॉक्स प्रत.