कुंची गेली ऊन खायला

ता. ५ सप्टेंबर १९९८, मढ
आजी झाले! लेक सुमी बाळ घेऊन दवाखान्यातनं घरी आली. मुलगी. नाक आमच्या ह्यांचं, रडणं माझं. जरा पिवळी हाय, डॉ. म्हणाले उतरंल. मी ट्रंक उघडून कुंची काढली. माझ्या आईनं खणाची शिवलेली, सुमीनं बारशाला घातलेली. कसर लागू नये म्हणून दर साली डांबरगोळ्या टाकत आले. एक भोक न्हाई! बाळाला घालणार तोच सुमी वरडली, "आये, लांब धर! मुतारीत आल्यागत वाटतंय." आईच्या कुंचीला मुतारी म्हणती. सासरी शिकून आली.

ता. ६
बाळ दाखवायला जुन्नरला. एस.टी.त सगळी बाळाकडं बघत व्हती, मी सगळ्यांकडं. डॉ. नी माझ्या पदराचा वास घेतला. "आजी, कपड्यांत डांबरगोळ्या ठेवता?"
मी ऐटीत, "भरपूर."
मग लई बोलले. ती गोळी म्हणे हवेत उडती, म्हणूनच बारीक होत जाती. (मला वाटायचं कसर खाती आन् मरती.) उडून कपड्यात बसती, तिथनं तान्ह्याच्या अंगात. काहीकाही बाळांचं रक्त नासवती, कावीळ वाढवती. रांगतं पोर गोळ्या-बिस्किटं समजून तोंडात घालतं, ते तर लईच वाईट.
"मग बारशाची कुंची?"
"धुवा. कडक उन्हात, वाऱ्यावर ठेवा. वास राहिला तर घालायची नाही."
मढात आन् ऊन! भाद्रपदात!

ता. ८
घरातल्या गोळ्या येचल्या. ट्रंकेत, मोरीत, तांदळाच्या कणगीमागं, ह्यांच्या टोपीत. एवढ्या कधी टाकल्या मी? हे म्हणाले, "टोपीतली तरी राहू दे."
"नातीला मांडीवर घ्यायचंय का टोपी घालायचीय?"
ह्यांनी गोळ्या काढून दिल्या.
कुंची धुतली. वाळंना. चुलीवर धरली, तर आता धुराचापण वास. सुमीला सांगितलं न्हाई. तिला कळलंच.

ता. १०
धाकटी बहीण हौसा आली बाळ बघायला. तिला आणे गावात दिलीय. एकच तालुका, पण हिकडं आभाळ गळतंय आन् तिकडं पठारावर लख्ख ऊन. कुंची तिच्या पिशवीत घातली. "रोज ऊन दे, वारं दे, बारशाच्या आधी पाठव."
सुमी हसून लोळली. "लोक महाबळेश्वरला जातात हवापालटाला, आपली कुंची आण्याला!"
हसू दे. बाळसुद्धा हसलं. हे म्हणतात झोपेत हसली. ह्यांना काय कळतंय.

ता. १९
पिवळं उतरलं! डॉ. म्हणाले छान हाय. मी पेढा दिला. पदर हुंगून म्हणाले, "आता बरंय."

ता. २४
एस.टी.च्या कंडक्टरकडनं पुडकं आलं. कुंची कडकडीत वाळलेली, वास घेतला तर नुसतं ऊन. सुमीला हाक मारून घडी उलगडली, तर टपाटपा खाली काय पडलं? डांबरगोळ्या. कोऱ्या!
आण्याच्या वाण्याकडं फोन लावून हौसाला बोलावलं.
"अगं आक्का, तुमच्याकडची ओल! वाटंत कसर लागंल म्हणून टाकल्या."
"पण गोळ्या टाकायला कुणी सांगितलं?"
"तूच शिकवलंस की. लग्नात पैली पुडी तूच दिलीस."
खरं हाय. ऊन दे एवढं सांगितलं, कशासाठी ते सांगायचं ऱ्हायलं. बाळाच्या नाकाचं सांगण्यातच येळ गेला. परत धुतली.

ता. २७
बारसं. आज हिकडंपण ऊन पडलंय, कुंची दोरीवर हाय. सुमी म्हणती वास येतोय, झबलं घालू. हे म्हणतात येत न्हाई. माझ्या नाकावर माझाच भरवसा न्हाई. आधी पाव्हण्या येऊ देत, मग बघू...
आल्या. दिसायच्या आधी वासच आला. सगळ्या ट्रंकेतली ठेवणीतली लुगडी नेसून! पुढं हौसा, इरकलीत. आता एकेक म्हणणार, आण पोरीला, पदराखाली घेणार, मुके घेणार. बारशाला आलेल्या बाईला बाळ द्यायचं न्हाई म्हंजे जलमाचा अबोला.
बाळाला घेऊन आतल्या खोलीत आले, कडी लावली. सुमीपण आत. पोरगी माझ्या मांडीवर, टकाटका बघतीय.
बाहेरनं हौसा, "आक्का, बाळ काढ की भायेर! पाळणा म्हणायचाय!"
सुमी म्हणती, "आये, तू सांग."
मी म्हणते, "तू सांग."