जमादारच्या खाजेबाबत

ढोकी, बुधवार
(बाजेवरून, सध्या तोंड पश्चिमेला)

तीर्थस्वरूप बलभीम दाजींना कृष्णराजचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, आक्काचं बीपी आणि जळकोटचा हायवे आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. इथं मात्र माझ्यावर घोर अन्याय चालू आहे. दुपारी मी पूर्वेला डोकं करून झोपतो आणि उठतो तेव्हा ते पश्चिमेला असतं. आपला अर्धलीतला मेंढा जमादार (अर्धा तुमचा, अर्धा माझा, खाज मात्र सगळी माझ्या दारात) बाजेच्या पायाला अंग घासतो आणि मला अख्खा फिरवतो. बाकीच्या मेंढ्यांपासून लांब बांधा, हा हुकूम तुमचाच.

तुम्ही मोबाईलवर खाजवणाऱ्या मेंढ्यांचा व्हिडिओ बघितला, मेंदूची चाळण करणारा रोग आहे असं ऐकलं आणि मला फोन लावला, "काप. मुंडकं तपासायला पाठव." मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलात. पत्र तसं ठेवता येत नाही (येतं, पण आक्का वाचेल), म्हणून लिहितोय.

तुमची हर्षाली परवा आली. जनावरांची डॉक्टर झाली तरी तुम्ही तिचं ऐकत नाही. मी ऐकलं आणि झोपेचं दुःख विसरलो. दाजी, या रोगात जंतू नाही, विषाणू नाही. अंगातलंच एक प्रथिन चुकीचं दुमडतं आणि शेजारच्यालाही तसंच दुमडायला लावतं. (सोसायटीच्या निवडणुकीनंतर संचालकांचं होतं तसं.) उकळून मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं! पूर्वी खात्री करायची तर मेंदूच काढावा लागायचा. म्हणजे रोग नव्हता हे कळेस्तोवर मेंढाही नसायचा. आता जिवंतपणी बघता येतं. डोळ्याच्या आतल्या तिसऱ्या पापणीतून, नाही तर शेपटीखालच्या वाटेच्या अस्तरातून, जागा बधिर करून तांदळाएवढा तुकडा काढायचा. (मेंढ्याला तिसरी पापणी असते, हे इतकी वर्षं मेंढरं पाळून मला आत्ता कळलं.) परदेशात हरणांनाही असलाच रोग होतो आणि त्यांचाही तुकडा शेपटीखालूनच काढतात म्हणे. हरणाला तिथं हात लावू कोण देतं, असं मी विचारलं.

"त्याला आधी गुंगी देतात, मामा. जमादारला तुम्ही धरायचं."

धरला. तुमची घोंगडी (सोनारीच्या यात्रेसाठी मागून आणलेली, जिची आठवण तुम्ही दर फोनला काढता) अंथरली, त्याला आडवा केला आणि छातीशी कवटाळला. सख्ख्या दाजींनाही मी असं कधी कवटाळलेलं नाही. हर्षालीनं मागं काम उरकलं. जमादार गप्प होता, ओरडलो मी. तुकडा प्रयोगशाळेत गेला.

तेवढ्यात तुम्ही परस्पर निरोप धाडलेले गफारभाई सुरा घेऊन हजर. सगळं ऐकून म्हणाले, "मुंडी डॉक्टरला, मग धड म्या कुणाला खिलवू? संशयाच्या जनावराला आमी हात लावत न्हाय, भाऊ." चहा पिऊन गेले.

तेव्हा निकाल येईपर्यंत थांबा. तुमच्या अर्ध्याचं तुम्ही काहीही ठरवा, माझ्या अर्ध्याला जगायचं आहे.

आपला मेहुणा,
कृष्णराज

ता. क. (गुरुवार) आज सकाळी मी दाराच्या चौकटीला छाती घासत असताना आमच्या शिवप्रियानं मला पकडलं. म्हणाली, "अहो, तुमचा तुकडा कुठनं काढायचा?" सदरा उतरवला तर आत कुसळं. जमादारच्या लोकरीत हात घातला तर तिथं अख्खं माळरान! आपण मोबाईल बघितला, शेपूट बघितली. लोकर बाजूला करून कुणी बघितलीच नाही. हर्षालीला फोन केला. लई हसली. "बाबांच्या धसक्यानं मी पण आधी शेपटीकडंच गेले," म्हणाली. आपल्या भागात तिनं हा रोग अजून पाहिलेला नाही. तरी कुसळं सापडली म्हणून दुसरं काही नाहीच असं ठरत नाही, निकाल येऊ द्या, असं तिचं म्हणणं.

ता. ता. क. (रविवार) लोकर उतरवल्यापासून जमादार बाजेला शिवतसुद्धा नाही. मला मात्र आता फिरवल्याशिवाय झोप लागत नाही. लोकर वाढली की तो परत फिरवेल, म्हणून गफारभाईंना पुन्हा निरोप देऊ नका, एवढंच मागणं.

सोबत तुमची घोंगडी धुऊन पाठवली आहे. कुसळं वेचली आहेत, एखादं राहिलं असेल. खाज सुटलीच तर आक्का काही ठरवायच्या आत आधी सदरा काढून बघा.