रोड्सची बोट आणि दारामागची केरसुणी

कलकत्ता, मंगळवार, ७ नोव्हेंबर १९५०

संध्याकाळी ह्यांची तार आली. अथेन्सला पोचले, आज रात्रीच्या बोटीने रोड्स बेटावर जाणार, तिथलं जुनं बंदर बघायला. गेलेला माणूस पोचेपर्यंत घरात केर काढू नये, असं आई म्हणायची. पण तिच्या काळी माणसं फार तर साताऱ्याला जायची. हे निघाल्यापासून मी बाहेरच्या खोलीला केरसुणी लागू दिलेली नाही. कामाची शेफाली आज वैतागलीच. "बौदी, दादाबाबू पोचले ना? मग झाडू?" नको म्हटलं, अजून समुद्र आहे. तिने केरसुणी दारामागे उभी केली. विणायला बसले तरी नजर सारखी त्या केरसुणीकडेच. अथेन्सच्या हॉटेलातून हे निघाले असतील, आणि पाठ फिरताच कुणीतरी खोली झाडूनही टाकली असेल. तिथे कोण सांगणार?